जीन्सच्या पलीकडचा वारसा आणि पेपर छापायची भानगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षं मी किड्यांच्या लॅबमध्ये काढली. पिकावरचे किडे नाहीत, मातीत राहणारे एक मिलिमीटरचे. तेव्हापासून घरचे, शेजारचे, जुन्या वर्गातले सगळे मला दोनच गोष्टी विचारतात. एक, आईबापाकडून पोरांकडे जीन्सशिवाय अजून काय काय जातं. दोन, "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" अशी बातमी येते आणि सहा महिन्यांनी बरोब्बर उलटी बातमी येते, हे काय चाललंय. माझ्या मते हे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी टाकतेय. इथून पुढे "पेपर" म्हणजे रिसर्च पेपर, दारात पडणारा नाही, आणि "जीन्स" म्हणजे जनुकं, पँट नाही.

जीन्सशिवाय वारसा म्हणजे काय? आडनाव आणि सातबारा?

तेही आहेच की. भाषा आहे, आईच्या दुधातून येणाऱ्या अँटिबॉडी आहेत, जन्माच्या वेळी आईकडून मिळणारे पोटातले जंतू आहेत, हे सगळं जीन्सशिवायच पोचतं. पण लोकांना विचारायचं असतं ते वेगळं: डीएनएची अक्षरं तीच राहून पोरांत फरक पडू शकतो का?

झाडांत पडतो, आणि याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फार जुनं आहे. लिनियस, म्हणजे झाडांना आणि प्राण्यांना दोन शब्दी लॅटिन नावं देणारा तोच स्वीडिश माणूस, त्याने १७४४ मध्ये एका रानफुलाचं वर्णन केलं. टोडफ्लॅक्स नावाचं रोपटं. त्याची नेहमीची फुलं डावी-उजवी बाजू असलेली, तोंड असल्यासारखी असतात. पण हे जे सापडलं त्याची फुलं सगळीकडून सारखी, पाच बाजूंची चांदणी. बाकी झाड अगदी तेच. लिनियस इतका हादरला की त्याने नाव ठेवलं पेलोरिया, म्हणजे ग्रीकमध्ये राक्षस. अडीचशे वर्षांनी, १९९९ मध्ये, इंग्लंडमध्ये नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमधल्या एन्रिको कोएन यांच्या टीमने त्या राक्षसाचा जीन तपासला, तर ज्या बदलामुळे फूल असं होत होतं तो अक्षरांमध्ये नव्हताच. जीनवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटांचा थर बसला होता आणि त्यामुळे तो गप्प झाला होता, आणि हे गप्प होणं बियांतून पुढच्या पिढीत जात होतं. मजा म्हणजे कधीकधी त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवरचा थर उतरतो आणि तिथे परत नेहमीसारखं फूल येतं!

मग एपिजेनेटिक्स एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच का?

हो, बऱ्यापैकी. शब्द कॉनरॅड वॉडिंग्टनने १९४२ मध्ये काढला, तेव्हा त्याचा अर्थ जरा वेगळा होता. आज ढोबळमानाने तीन गोष्टी येतात त्यात: डीएनएला चिकटणारे मिथाइल गट, डीएनए ज्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवरच्या खुणा, आणि छोटे आरएनए, म्हणजे डीएनएसारख्याच अक्षरांचे छोटे तुकडे, जे जीन गप्प करू शकतात. तुमच्या लिव्हरच्या आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच असूनही दोघी वेगवेगळं काम करतात ते यामुळेच, आणि यात कुणाचाच वाद नाही. वाद आहे तो या खुणा अंड्यातून आणि शुक्रजंतूतून पुढे जातात का आणि किती पिढ्या, यावर.

म्हणजे लामार्क बरोबर होता? शाळेत तर जिराफाची मान ताणून चुकीचं शिकवलं.

नाही हो. लामार्क म्हणायचा की आयुष्यात कमावलेले गुण पोरांकडे जातात. आपल्याकडे किती पिढ्या पोरींचे कान टोचतायत, एक तरी पोरगी भोकं घेऊन जन्माला आलीय का? ऑगस्ट वाइझमनने एकोणिसाव्या शतकात हेच उंदरांवर केलं, पिढ्यानपिढ्या शेपट्या कापल्या, पिल्लं शेपटीसकटच आली. आता जे सापडतंय ते "ताणलं म्हणून लांब झालं" असं नाहीये. आजूबाजूच्या परिस्थितीमुळे एखाद्या जीनचा आवाज कमीजास्त होतो आणि तो आवाज काही पिढ्या तसाच राहतो, बहुतेक वेळा नंतर पुसला जातो, इतकंच.

आणि या विषयावर लोक इतके बिचकून का असतात त्यालाही इतिहास आहे. सोव्हिएत रशियात लायसेन्को नावाच्या शेतीतज्ज्ञाने "कमावलेले गुण पुढे जातात" हे सरकारी धोरणच करून टाकलं, विरोध करणारे जेनेटिक्सवाले आत गेले. निकोलाय वाव्हिलोव, जगभर फिरून बियाणं गोळा करणारा माणूस, १९४३ मध्ये तुरुंगातच उपासमारीने मेला. पुरावा बघायच्या आधी उत्तर ठरवलं की काय होतं ते त्या लोकांनी बघितलंय, त्यामुळे कुणी लामार्कचं नाव काढलं की जुने प्राध्यापक अजून दचकतात.

आजीने दुष्काळात उपास काढले, त्याचा परिणाम माझ्यावर असेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याच्यात एक मोजणीची गंमत आहे ती आधी समजून घ्या. आजी गरोदर असताना उपाशी राहिली, पोटात तुमची आई होती. मुलीची अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. म्हणजे ज्या अंड्यापासून तुम्ही झालात ते अंडंही आजीच्या पोटात होतं, त्याच उपासात! आजी, आई आणि तुम्ही, तिघांनाही थेट झळ लागली. तुमच्यात काही दिसलं तर तो "वारसा" म्हणता येत नाही, तुम्ही स्वतः तिथे हजर होतात. खरा वारसा बघायचा तर तुमच्या पोरांमध्ये बघावा लागेल. बातम्यांमध्ये हा फरक कधीच सांगत नाहीत, आणि खरं सांगायचं तर काही पेपरांमध्येही तो शेवटच्या पानावर ढकललेला असतो.

हॉलंडचं उदाहरण सगळे देतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, पश्चिम भागातलं रेशन दिवसाला हजार कॅलरीच्या खाली गेलं. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला अशा साठेक लोकांचं रक्त सहा दशकांनी तपासलं, आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली तर आयजीएफ-२ नावाच्या जीनवरचे मिथाइल गट थोडे कमी निघाले, २००८ चा पेपर आहे. काम पक्कं आहे. पण बघा, ही माणसं स्वतः पोटात होती, म्हणजे वारसा नाहीच. उत्तर स्वीडनमधल्या ओवरकालिक्सचं काम मात्र वेगळं आहे, तिथे आजोबांना लहानपणी भरपूर खायला मिळालं की नातवांच्या आयुर्मानावर परिणाम दिसतो असं जुन्या पिकांच्या नोंदींवरून काढलंय. दिसायला जबरदस्त, पण माणसं फक्त काहीशे, आणि काहीशे माणसांना वेगवेगळ्या गटांत कापत बसलं की काहीतरी निघतंच.

आणि सस्तन प्राण्यांत अजून एक अडचण आहे. खुणा दोनदा पुसल्या जातात, एकदा गर्भ राहिल्यावर लगेच आणि एकदा गर्भात अंडी-शुक्रजंतूंच्या मूळ पेशी बनताना. पाटी दोनदा धुतल्यावरही काही अक्षरं उरतात, हे खरंय, पण मोजकी.

पुण्याचा या सगळ्याशी काहीतरी संबंध आहे म्हणे?

आहे, आणि मोठा आहे, आणि आपल्यालाच माहीत नसतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची पोरं मोठी होईपर्यंत सोडला नाही. इथल्या बाळाचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमध्ये साउदॅम्पटनच्या बाळाचं साडेतीन. मग बाळ सगळीकडून बारीक असायला हवं ना? तर नाही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी जवळपास तेवढीच. बारीक दिसणारं पण आतून चरबीवालं बाळ. डायबेटिस चाळिशीत येतो असं आपण धरून चालतो, याज्ञिक म्हणतात त्याची तयारी पोटातच झालेली असते.

त्यांचा एक फोटोही प्रसिद्ध आहे, २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये, म्हणजे पेपर छापणाऱ्या नियतकालिकात, आला. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका हे सांगायला याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही. (आमच्या घरी हा फोटो दाखवल्यावर काका म्हणाले, "म्हणजे मी जाड नाहीचे, मी भारतीय आहे." असो.)

याच गावांतल्या पोरांकडून बी-१२ ची भानगड कळली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक बी व्हिटॅमिनच) जास्त होतं त्यांच्या पोरांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं. बी-१२ आणि फोलेट दोन्ही शरीरातल्या मिथाइल गटांच्या पुरवठ्यात लागतात, म्हणून एपिजेनेटिक्सवाले लगेच कान टवकारतात. अमेरिकेत वॉटरलँड आणि जर्टल यांनी २००३ मध्ये उंदरांत हे दाखवलं होतं, गाभण मादीला फोलिक अॅसिड, बी-१२, कोलीन वगैरे दिलं की पिल्लांच्या अंगाचा रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे सरकतो. पुण्यात मग पुढची पायरी म्हणून "प्रिया" नावाची ट्रायल झाली. मूळ अभ्यासातली पोरं वयात आली तेव्हा त्यांनाच बी-१२ दिलं, म्हणजे ती आईबाप होतील तेव्हा त्यांच्या बाळांत फरक दिसतो का बघायचं. किती वर्षांचा धीर लागतो विचार करा!

आणि एक उंदरांचं काम, खरं तर रॅटचं. याज्ञिकांच्या जोडीने आनंदवर्धन हर्डीकर आणि बाकीच्यांनी २०१५ मध्ये छापलं. पन्नास पिढ्या कमी खायला घातलेले रॅट. पन्नास! नंतर दोन पिढ्या पोटभर दिलं तरी डायबेटिसकडे जायची सवय गेली नाही, आणि इन्सुलिनच्या जीनभोवतीच्या हिस्टोनांवर फरक दिसले. यात आता "पिढ्यानपिढ्या उपाशी राहिलेल्यांना अचानक पोटभर दिलं तर" हा भारताचा प्रश्न सरळ दिसतो. तरी एक शंका मला कायम राहते, पन्नास पिढ्यांत निवड होऊन जीन्सच बदलले नसतील कशावरून.

म्हणजे गर्भसंस्कार खरे आहेत!

मला माहीत होतं हे येणार. आईला नीट खायला मिळणं, बी-१२, लोह, ताण कमी, कुणी मारहाण न करणं, याचा परिणाम बाळावर होतो, होतोच. सातव्या महिन्यात सीडी लावून श्लोक ऐकवला की पोरगं इंजिनियर होतं, याला पुरावा नाही. अभिमन्यूची गोष्ट मलाही आवडते, पण त्या गोष्टीतसुद्धा अर्धवट ऐकलेलं ज्ञान अंगाशीच आलं. पंचवीस हजारांचं पॅकेज घेण्याआधी आईचं हिमोग्लोबिन तपासा.

आजोबांनी फाळणीत जे बघितलं त्याची भीती माझ्यात आलीय असं थेरपिस्ट म्हणाली.

भीती आली असेल, नाही कोण म्हणतं. पण ती गोष्टींतून, गप्प बसण्यातून, घरातल्या वागण्यातूनही येते, त्यासाठी शुक्रजंतू लागत नाहीत. होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीतून, वाचलेल्यांवरचा न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांचा अभ्यास सगळे सांगतात, त्यात वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं होती, आणि तुलनेचा गट तर त्याहून छोटा. एवढ्यावर "ट्रॉमा जीन्समध्ये उतरतो" असे मथळे झाले.

उंदरांचं काम जास्त नेटकं होतं. डायस आणि रेसलर, २०१४: नर उंदरांना एका गोडसर वासाबरोबर शॉक द्यायचा, मग त्यांची पिल्लं आणि नातवंडं त्याच वासाला जास्त दचकतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नंतर ग्रेगरी फ्रान्सिस नावाच्या माणसाने नुसते आकडे घेऊन दाखवलं की एवढ्या लहान लहान गटांत इतके सगळे प्रयोग एकापाठोपाठ यशस्वी व्हायची शक्यताच फार कमी आहे. म्हणजे खोटं केलं असं नाही, पण फसलेले प्रयोग कुठेतरी ड्रॉवरमध्ये राहिले असावेत अशी शंका. आता इथून पुढे दुसरा विषय सुरू होतो, कारण ड्रॉवरमध्ये का राहतात? कारण छापत कोणी नाही.

तुमचे ते किडे यात कुठे येतात?

सी. एलेगन्स. ३०२ न्यूरॉन, साधारण तीन-चार दिवसांत नवी पिढी, आणि बहुतेक सगळे उभयलिंगी, आपलं आपणच पोरं करतात, त्यामुळे आई आणि पोरं जीन्सने जवळपास तंतोतंत सारखी. जीन्सशिवायचा वारसा शोधायला याहून सोयीचा प्राणी नाही. फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं की यांना दुपदरी आरएनए दिला की त्या अक्षरांचा जीन गप्प होतो, त्याला २००६ चं नोबेल मिळालं. २०११ मध्ये ओडेड रेखावी यांनी, आता ते तेल अवीवला असतात, दाखवलं की व्हायरसशी लढताना बनलेले छोटे आरएनए किडा पोरांना, नातवंडांना देतो, आणि ज्या पिढीत ते आरएनए स्वतः बनवायची सोयच नाही तिलाही ते मिळतात. आपण लसीचा डोस पोराला जन्माआधीच देऊन ठेवावा तसं. किड्यांत आरएनएचा वारसा आहे, याबद्दल आता कुणी भांडत नाही.

भांडण आहे शिकलेल्या गोष्टीवर. प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या लॅबने २०१९ मध्ये छापलं की किड्यांना पीए१४ नावाचा रोग करणारा बॅक्टेरिया आधी आवडतो, चोवीस तास तो खाऊन आजारी पडले की टाळायला शिकतात, आणि हे टाळणं पुढच्या चार पिढ्या टिकतं, पाचवीत नाहीसं होतं. २०२० मध्ये त्याच लॅबने कारणही दाखवलं, बॅक्टेरियाचाच एक छोटा आरएनए किड्याच्या आतड्यातून आत जाऊन एका जीनला दाबतो. शत्रूचा आरएनए वाचून त्याची आठवण पोरांना सांगायची! काय गोष्ट आहे.

मग हार्वर्डच्या क्रेग हंटर यांच्या लॅबने हे करून बघितलं. हंटर बाहेरचे नाहीत, किड्याच्या शरीरात आरएनए ज्या दारातून शिरतो ते प्रोटीन त्यांच्याच लॅबने शोधलं. त्यांना पोरांमध्ये टाळणं दिसलं, नातवंडांमध्ये दिसेना. वेगवेगळ्या प्रकारे करून बघितलं, नाहीच. मर्फी म्हणाल्या, तुम्ही प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची ठरलेली पद्धत, बदलला. प्रयोग असा असतो की प्लेटच्या एका बाजूला साधा बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला पीए१४, मध्ये किडे सोडायचे आणि तासाभराने मोजायचे. मर्फींच्या पद्धतीत बॅक्टेरियाच्या दोन्ही ठिपक्यांवर सोडियम अझाइड नावाचं विष असतं, किडा पोचला की तिथेच लुळा पडतो, म्हणजे त्याची पहिली निवड कळते. हंटर यांच्या लोकांनी त्याऐवजी तासाभराने प्लेट थंड करून किडे थांबवले, आणि मर्फी म्हणतात की त्या तासाभरातच किडे नव्याने शिकून मत बदलतात.

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, एक थेंब अझाइडवरून प्रिन्स्टन आणि हार्वर्ड भांडतायत. मी स्वतः त्या प्लेटा ओतल्या आहेत, मला अजिबात हसू येत नाही. अगार (प्लेटमधली जेली) एक दिवस जुना असेल, खोलीचा एसी बिघडला असेल, किडे आदल्या रात्री थोडे उपाशी राहिले असतील, तर आकडे इकडचे तिकडे होतात, आणि आमच्या लॅबचा एसी तर दर एप्रिलला बंद पडायचा.

मग कोण बरोबर?

यानंतर इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या लॅबने मर्फींचा प्रोटोकॉल अझाइडसकट जसाच्या तसा वापरला आणि त्यांना नातवंडांपर्यंत परिणाम दिसला. माझं मत विचाराल तर: परिणाम असावा, पण फार नाजूक आहे, आणि इतका नाजूक असेल तर मातीत, जंगलात त्याचा किड्याला उपयोग किती हा प्रश्न उरतोच. पण मला यातलं उत्तर महत्त्वाचं वाटत नाही, महत्त्वाचं हे की "नाही दिसलं" म्हणणारा पेपर आणि "आम्हाला दिसलं" म्हणणारा पेपर, दोन्ही छापून आले, एकाच जर्नलमध्ये, रिव्ह्यूअरांच्या, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या लोकांच्या, शेऱ्यांसकट, कुणालाही फुकट वाचता येतील असे. दहा वर्षांपूर्वी पहिला पेपर हंटर यांच्या ड्रॉवरमध्येच राहिला असता, आणि दुसऱ्याला "यात नवीन काय" म्हणून परत पाठवला असता.

कुठलं जर्नल?

ईलाइफ. २०१२ मध्ये अमेरिकेची हॉवर्ड ह्यूज संस्था, जर्मनीची मॅक्स प्लांक आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट, तीन श्रीमंत देणगीदारांनी मिळून काढलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे रिव्ह्यू झाल्यावर पास-नापास असं काही करणार नाही, आणि ३१ जानेवारी २०२३ पासून ते सुरू झालं. संपादकाने पेपर रिव्ह्यूला घेतला की तो छापला जाणारच, सोबत रिव्ह्यूअरांचं म्हणणं आणि ठरलेल्या शब्दांत शेरा: किती महत्त्वाचा आणि पुरावा किती भक्कम. पुराव्यासाठी "कन्व्हिन्सिंग", "सॉलिड" पासून खाली "इनकम्प्लीट", "इनअॅडिक्वेट" पर्यंत शब्द आहेत. म्हणजे प्रगतिपुस्तक पेपराच्या कपाळावर चिकटवलेलं. लेखकाने सुधारून परत दिला तर शेराही बदलतो.

यात खोट नाही असं नाही. रिव्ह्यूला कुठला घ्यायचा हे संपादकच ठरवतात, मग दारावरचा रखवालदार गेला कुठे, तो फक्त एक दार अलीकडे येऊन उभा राहिला, हा आक्षेप मला पटतो. त्यांच्या संपादकांमध्येच मोठं भांडण लागलं. आणि मग २०२४ मध्ये क्लॅरिव्हेटने, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो त्याचा आकडा, ज्यावर जर्नलचा मान ठरतो) देणारी कंपनी, सांगितलं की अपुरा पुरावा असलेले पेपरही तुम्ही छापता, तर हे आम्हाला चालत नाही. ईलाइफने मॉडेल बदललं नाही, इम्पॅक्ट फॅक्टर गेला. पेपराच्या कपाळावर खरं लिहिलं म्हणून शिक्षा, आणि जे लिहीत नाहीत ते मजेत.

पण पीअर रिव्ह्यू तर पहिल्यापासून आहे ना?

अजिबात नाही, लोकांना वाटतं न्यूटनपासून आहे. जर्नल १६६५ पासून आहेत, पण बाहेरच्या लोकांकडे पाठवून मत घ्यायचं हे सगळीकडे नव्हतं. वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएवाला पेपर कुठल्याही रिव्ह्यूअरकडे गेला नाही, तो छापणाऱ्या नेचर या नामवंत जर्नलने १९७३ मध्ये हे नियमित केलं. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच असा पेपर फिजिकल रिव्ह्यू नावाच्या जर्नलला पाठवला, संपादकाने तो रिव्ह्यूअरला दाखवला तर आइनस्टाइन भडकले, आम्ही छापायला दिला होता, दाखवायला नाही, म्हणून परत घेतला. गंमत अशी की रिव्ह्यूअर बरोबर होता, चूक होती, आणि नंतर दुसरीकडे छापताना निष्कर्ष बदलावा लागला. म्हणजे रिव्ह्यू नकोच असं मी म्हणत नाही, दोन-तीन माणसांनी गुपचूप केलेला रिव्ह्यू म्हणजे देवाचा कौल नाही एवढंच म्हणते.

पैसे कोण खातं यात?

लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो, आणि छापणारी कंपनी पैसे घेते. एल्सव्हिअरसारख्या कंपनीचा नफा पस्तीस टक्क्यांच्या वर असतो. मग ओपन अॅक्सेस आलं, वाचक फुकट वाचणार, पैसे लेखकाने द्यायचे, तर नेचरने २०२० मध्ये एका पेपराचा भाव लावला ९,५०० युरो, तेव्हाच्या हिशोबाने साडेआठ लाख रुपयांच्या आसपास. आमच्या लॅबचं वर्षभराचं केमिकलचं बिल तेवढं नव्हतं.

भारत सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" मंजूर केलं, तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, साधारण तेरा हजार जर्नल, सहा हजारांवर सरकारी संस्था. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला नेचर उघडता येतं ही छोटी गोष्ट नाही, मला याचा आनंदच आहे. पण खासगी कॉलेजवाले बाहेर, शेतकरी बाहेर, दवाखाना चालवणारा डॉक्टर बाहेर, आणि पैसे त्याच तीस जणांना. दुसरीकडे साय-हबवर, म्हणजे विकतचे पेपर परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साइटवर, दिल्ली हायकोर्टात २०२० पासून केस चालू होती, ऑगस्ट २०२५ मध्ये ब्लॉक करायचा आदेश आला. त्यावर कोण किती अवलंबून होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.

आपल्याकडे पैसे देऊन पेपर छापून मिळतो ते काय?

ते दुकान आहे. पाच हजार रुपये, तीन दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर. पीएचडीला आणि प्रमोशनला पेपर मोजून लागायला लागले तेव्हापासून हा धंदा फोफावला. २०१८ मध्ये आपल्या पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली जर्नल तपासली. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ तपासली तर ८८ टक्के निकृष्ट! त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल यादीतून काढली, मग केअर नावाची नवी यादी आली, तिचा कारभार पुण्यातूनच चालायचा, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली, आता प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवायचं. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती काढली हे मात्र चांगलं केलं, पण कित्येक गाइड अजून मागतात. मोठे लोक धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही, वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये जवळपास तीस कोटी डॉलरला हिंदावी ही जर्नल छापणारी कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये तिचे आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले.

प्रीप्रिंट वाचू का? रिव्ह्यू झालेला नसतो म्हणतात.

वाच. प्रीप्रिंट म्हणजे रिव्ह्यूआधीच इंटरनेटवर फुकट टाकलेला पेपर. फिजिक्सवाले १९९१ पासून आर्काइव्ह नावाच्या साइटवर टाकतात, बायोलॉजीवाल्यांचं बायोआर्काइव्ह २०१३ चं. एका प्रसिद्ध जर्नलमध्ये आमचा पेपर अकरा महिने अडकला, शेवटी दोन ओळींचा नकार आला, तोवर प्रीप्रिंट वाचून तीन लॅबनी पत्र लिहून आमची चूक दाखवलीही होती, जी त्या रिव्ह्यूअरांना दिसली नव्हती. फक्त एक कर, प्रीप्रिंटवरून औषध बदलू नको.

एआय हे सगळं सोडवेल का?

२०२४ च्या फेब्रुवारीत एका जर्नलमध्ये एआयने काढलेलं उंदराचं चित्र छापून आलं, त्याचे अवयव बघून जग हसलं, नावं पण निरर्थक अक्षरांची, आणि तो पेपर रिव्ह्यू झालेला होता. दुसरीकडे रेखावी, तेच किडेवाले, त्यांनी एआयने पेपरातले दावे आणि पुरावे यांची सांगड तपासणारं टूल काढलंय, पाठवण्याआधी लेखकाने स्वतःच तपासून बघायला. ते मला बरं वाटतं. पण अझाइडचा थेंब होता की नव्हता हे कुठल्याच एआयला कळणार नाही, प्लेट कुणाला तरी ओतावीच लागेल.

मुलगी एम.एस्सी. करतेय, हा विषय घ्यावा का?

घ्यावा. फक्त लॅबमध्ये इंटरव्ह्यूला गेली की तिने सरांना किंवा मॅडमना एक विचारावं, तुमच्याकडे न जमलेले प्रयोग कुठे लिहून ठेवतात. वही काढून दाखवली तर तिथे जावं. "आमच्याकडे सगळे जमतात" म्हणाले तर चहा पिऊन परत यावं.